फोटोतले प्रेक्षक कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या क्रीडा पानावर विजयी गोल करणाऱ्या खेळाडूचा तीन कॉलमी फोटो होता. मुठी आवळलेल्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. फोटो चांगलाच होता. पण तोच फोटो मी इतरत्र न कापलेला पाहिला. मूळ चौकटीत त्याच्या खांद्यामागे अख्खी गॅलरी कठड्यावर ओणवलेली आहे. पहिल्या रांगेतल्या एकाचा चष्मा नाकावरून निसटलाय आणि शेजारी एक बाप लेकाला उचलता उचलता स्वतःच कलंडतोय. आपल्या पानावर हे सगळं कात्रीत गेलं आणि एक ओरडणारा माणूस उरला. तो कोणाकडे बघून ओरडतोय, ते कळायला काही मार्ग राहिला नाही.

मी फुटबॉलचे फोटो काढते. मोठ्या एजन्सीसाठी नाही. क्लबांचे, शाळा-कॉलेजांचे सामने. गोलपोस्टमागे बसून बरीच वर्षं गेली, त्या जोरावर हे लिहिते आहे.

मैदानाच्या कडेला आम्ही जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसतो ते केवळ मागच्यांना दिसावं म्हणून नाही. उभं राहून फोटो काढला तर खेळाडूच्या मागे नुसतं गवत येतं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला की खेळाडू उंच होतो आणि त्याच्या डोक्यामागे माणसं दिसू लागतात. रात्री मात्र यातली निम्मी मेहनत वाया जाते. फ्लडलाइट डोळ्यांना लख्ख वाटतात, कॅमेऱ्याला तो उजेड पुरत नाही. पळणारा खेळाडू आणि चेंडू दोन्ही स्थिर मिळवायचे तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं तरी वेगवान लागतं. मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) चढवा, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) सताड उघडा. 400 मिमीची लेन्स एफ 2.8 वर ठेवली की खेळाडू धारदार येतो आणि मागचे हजारो लोक रंगाचे ठिपके होतात. पान करणाऱ्यांना हे आवडतं, कारण पान स्वच्छ दिसतं. मला तसले फोटो पासपोर्टच्या फोटोसारखे वाटतात. चेंडू पेनल्टी बॉक्समध्ये, गोलसमोरच्या चौकोनात, आला की मी लांब लेन्स खाली ठेवते आणि गळ्यातला आखूड लेन्सचा कॅमेरा उचलते. उजेड परवानगी देईल तेवढं अॅपर्चर बारीक करते, थोडे दाणे आले तर येऊ देते. मागचा चेहरा ओळखू आला नाही तरी हरकत नाही, पण त्याचे हात कुठे आहेत ते दिसलं पाहिजे.

कारण या खेळातली गर्दी हातांनी बोलते. गोल झाल्यावरचा जल्लोष सगळ्यांच्या पाहण्यातला आहे. मला हुकलेला गोल जास्त आवडतो. चेंडू खांबाला लागून बाहेर जातो त्याच क्षणी सगळी गॅलरी दोन्ही हात डोक्यावर घेते, आणि फटका मारणारा खेळाडूही तेच करतो. बाकावरचे राखीव खेळाडू, प्रशिक्षक, सगळे तसेच. कोणी कोणाकडे बघून करत नाही. हे टिपायचं तर चेंडूकडे पाठ करून बसावं लागतं, आणि नेमका गोल झाला तर तो आपल्या कॅमेऱ्यात नसतो. मोठ्या सामन्यांत जाळीमागे रिमोटवर चालणारा कॅमेरा लावून ठेवतात, त्यामुळे तिथल्या छायाचित्रकारांची थोडी सोय होते. आम्हाला दर हल्ल्याला ठरवावं लागतं, इकडे बघायचं की तिकडे.

गोल झाल्यावर खेळाडू बहुधा आपल्या समर्थकांच्या दिशेने सुटतो. जर्सी काढली तर पिवळं कार्ड, कुंपणावर चढला तरी पिवळं कार्ड, हे त्याला पाठ असतं. तरी तो जातो. 2018 च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध मान्झुकिचने जादा वेळेत गोल केला, तेव्हा क्रोएशियाचे खेळाडू धावत येऊन थेट एएफपी या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार युरी कोर्तेझ यांच्या अंगावर कोसळले. कोर्तेझ खाली दबूनही फोटो काढत राहिले. त्या फोटोंतले चेहरे इतके जवळ आहेत की बघणाऱ्यानेच मागे सरकावं. (विश्वचषकात त्याच वर्षी पहिल्यांदा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासण्याची पद्धत, आलं आणि जल्लोषाचे दोन तुकडे झाले: आधी ओरडायचं, मग पडद्याकडे बघत थांबायचं. माझ्यासारखीला दुसरा तुकडा बोनस.)

गर्दी दिसलीच पाहिजे असंही नाही. एप्रिल 2005 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात मिलान शहरातल्या एसी मिलान आणि इंटर या दोन संघांची गाठ पडली होती. प्रेक्षकांनी मैदानात जळत्या फ्लेअर (धूर आणि लाल उजेड सोडणाऱ्या नळ्या) फेकल्या, एक गोलरक्षक दिदाला लागली आणि सामना सोडून द्यावा लागला. खेळ थांबलेला असताना रॉयटर्सचे स्टेफानो रेलांदिनी यांनी काढलेल्या फोटोत इंटरचा मातेराझी प्रतिस्पर्धी रुई कोस्टाच्या खांद्यावर कोपर टेकवून उभा आहे आणि दोघं समोरच्या लालसर धुराकडे बघताहेत. प्रेक्षक एकही ओळखू येत नाही, तरी फोटो त्यांचाच आहे. तो धूर कापून नुसते दोन खेळाडू छापले असते, तर बसची वाट बघणारे दोघं म्हणून खपले असते.

गॅलरी खरोखर रिकामी झाली तर काय होतं हेही 2020 च्या मे महिन्यात दिसलं. जर्मनीत कोरोनामुळे थांबलेली बुंडेसलिगा ही फुटबॉल लीग प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली. डॉर्टमुंड क्लबच्या मैदानाची दक्षिण गॅलरी, जिथे एरवी सुमारे 25 हजार लोक उभ्याने सामना बघतात, तिथे नुसत्या करड्या पायऱ्या होत्या. जिंकल्यावर खेळाडू सवयीने तिच्यासमोर जाऊन, एकमेकांत अंतर राखून, उभे राहिले. हात वर, समोर कोणी नाही. ते फोटो मी अजून उघडून बघते. ज्यांना प्रेक्षक म्हणजे मागची सजावट वाटते त्यांनी एकदा बघावेत.

प्रेक्षकांच्या बाबतीत एक पथ्य मात्र पाळायला हवं. रडणाऱ्या लहान मुलाचा चेहरा मोठा करून छापण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ते मूल तिकीट काढून सामना बघायला आलेलं असतं, पराभवाचं प्रतीक व्हायला नाही. मी गर्दी म्हणते तेव्हा मला अशी एकटी पाडलेली माणसं अभिप्रेत नाहीत.

पानावर जागा मोजकी असते, उपसंपादकाला रात्री उशिरा पान सोडायची घाई असते, हे मला ठाऊक आहे. पण सामन्याचा निकाल तर वाचकाला रात्रीच कळलेला असतो. सकाळी पुन्हा मिनिटामिनिटाचं वर्णन छापण्यापेक्षा शेवटचे दोन परिच्छेद उडवावेत आणि आडवा फोटो आडवाच, कडेपासून कडेपर्यंत जाऊ द्यावा. फोटोओळीत एजन्सीच्या नावाबरोबर काढणाऱ्याचंही नाव द्यावं. एजन्सी फोटोसोबत ते पाठवतेच, आपल्याकडे ते छापायचं राहून जातं.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक क्रीडा छायाचित्रकार