मातृभाषेतला प्रश्न आणि बर्फाची जाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या विधानसभेत 28 मे 2024 रोजी सोल मामाक्वा हे आमदार आपल्या मातृभाषेत, आनिशिनिनीमोविनमध्ये बोलले. बाहेरचे लोक या भाषेला ओजी-क्री म्हणतात. त्या सभागृहात तोवर इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषा चालत. त्याच वर्षी मार्चमध्ये नियम बदलून कॅनडात बोलल्या जाणाऱ्या आदिवासी भाषांना वाट मोकळी झाली. बातम्यांत हा भावुक सोहळा म्हणून आला: गॅलरीत आई, त्याच दिवशी तिचा वाढदिवस, उभे राहून टाळ्या. पण भाषण झाल्यावर मामाक्वा यांनी त्याच भाषेत मुख्यमंत्री डग फोर्ड यांना एक साधा प्रश्न विचारला, की सू लुकआउट या उत्तरेतल्या गावी वृद्धांसाठी कबूल केलेले दीर्घकालीन शुश्रूषा केंद्र कधी बांधणार? माझ्या मते त्या दिवसाचे खरे काम ते होते, म्हणून हे पत्र.

मामाक्वा किंगफिशर लेक या वस्तीचे. 2018 पासून ते कीवेटिनूंग मतदारसंघातून निवडून येत आहेत. कीवेटिनूंग म्हणजे उत्तर. हा मतदारसंघ 2018 च्या निवडणुकीसाठीच नव्याने आखला गेला. क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 94 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडेच कमी. लोकसंख्या मात्र 33 हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या भूभागाला 288 आमदार आहेत, तिथे एक. 124 जणांच्या सभागृहात या एका मताने सरकार पडत नाही की तरत नाही. मग त्याच्या हाती उरते काय? सरकारला तारीख, आकडा आणि जबाबदार खात्याचे नाव कामकाजाच्या नोंदीत लिहून द्यायला लावणे.

तिथे कोणते आकडे मागावे लागतात, ते हिवाळी रस्त्यावरून कळते. या मतदारसंघातल्या बहुतेक वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. वर्षभर विमान, आणि साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत गोठलेली तळी, नद्या व दलदलीवरून जाणारा बर्फाचा रस्ता. ऑन्टारिओच्या उत्तरेत असे तीन हजार किलोमीटरहून अधिक रस्ते दर वर्षी नव्याने बांधले जातात. बांधतात त्या त्या वस्तीचेच लोक, पैसा प्रांत आणि केंद्र देतात. सिमेंट, छपरांचे पत्रे, ट्रक आणि डिझेल ही सगळी अवजड खरेदी या दहा-अकरा आठवड्यांत उरकायची असते.

बांधणीत पहिले काम बर्फ हटवण्याचे, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तळ्यावर पडलेले भुसभुशीत हिम गोधडीसारखे असते, त्याखाली थंडी पोचत नाही आणि पाणी गोठत नाही. म्हणून आधी हलक्या स्नोमोबाइलने ते दाबतात, मग पट्ट्यावर चालणारी यंत्रे आणतात, मग नांगराने बाजूला सारतात. सारलेल्या हिमाचे ढीग कडेलाच उंच ठेवले तर त्यांच्या वजनाने तिथेच भेग पडते, म्हणून साफ केलेला पट्टा वापरातल्या रस्त्यापेक्षा बराच रुंद ठेवावा लागतो. मग ठरावीक अंतरावर भोके पाडून जाडी मोजायची आणि जिथे कमी पडेल तिथे पंपाने पाणी सोडून थरावर थर चढवायचे. दलदलीच्या टप्प्यात उलटे असते: तिथे हिम घट्ट दाबून जमिनीत थंडी उतरवायची. वरून टणक दिसणारी दलदल आत मऊ असली तर पहिलाच भरलेला ट्रक आसापर्यंत रुततो.

किती वजन पेलेल, याचा ठोकताळा सोपा आहे. जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि चारने गुणा, तेवढे किलो. 30 सेंटिमीटरवर 3,600 किलो, म्हणजे भरलेली पिकअप गाडी. 100 सेंटिमीटरवर 40 टन. आता जाडी 70 वर आली तर? 19,600 किलो. जाडी तीस टक्के घटली की क्षमता निम्म्याहून खाली जाते. त्यातही हा हिशेब पारदर्शक, काळसर-निळ्या बर्फाचा. ओले हिम गोठून झालेला पांढरा बर्फ निम्माच धरतात. म्हणजे 70 मधले वरचे 20 पांढरे असतील तर हिशेबाची जाडी 60 आणि भार 14,400 किलो. टँकरच्या स्वतःच्याच वजनात यातले बरेचसे संपते.

म्हणून हिवाळा उबदार गेला की ट्रक अर्धा भरून येतो. फेऱ्या दुप्पट, भाडे दुप्पट, आणि उरलेला माल विमानाने. भरल्या ट्रकला ताशी 15 किलोमीटरच्या आसपासच चालावे लागते, कारण चाकांखाली बर्फ किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठून गाडीपुढे धावते. वेग वाढला की ती काठाजवळच्या उथळ पाण्यात उलटून बर्फ फोडते. फेब्रुवारी 2024 मध्ये थंडीच न पडल्याने हे रस्ते वेळेवर उघडेनात, आणि उत्तरेतल्या आदिवासी राष्ट्रांच्या (तिथे आदिवासी समूहांना राष्ट्रे म्हणतात) संघटनेने, निशनावबी आस्की नेशनने, आणीबाणी जाहीर केली. ‘रस्ता खुला आहे’ हे सरकारी उत्तर अशा वेळी पुरेसे नसते. किती टनांसाठी खुला आहे, पूर्ण भाराचे किती दिवस मिळाले, हे विचारणारा कुणीतरी सभागृहात लागतो.

विजेचे थोडे बरे झाले आहे. वाटायनिकनेयाप पॉवरच्या सुमारे 1,800 किलोमीटर तारांनी 17 वस्त्या डिझेलवरून ग्रिडवर आल्या, आणि त्या कंपनीत 24 आदिवासी राष्ट्रांची 51 टक्के मालकी आहे. नेस्कांटागासारख्या वस्त्या मात्र अजून डिझेलवर आहेत.

पाण्याचा प्रश्नही त्याच नेस्कांटागाचा. तिथे 1 फेब्रुवारी 1995 पासून ‘उकळल्याशिवाय पिऊ नका’ हा इशारा लागू आहे. शुद्धीकरण केंद्र बांधून दोन वर्षेही झाली नव्हती. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळले की जंतू मरतात. तेल किंवा रसायन जात नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये टाकीच्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला, तेव्हा गावच्या गाव विमानाने थंडर बे शहरात हलवावे लागले. ते परतले डिसेंबरात. आणखी एक अडचण उत्तरेत सगळीकडेच असते. तळ्यांचे पाणी पालापाचोळ्याने चहासारखे तांबूस असते. सेंद्रिय अंश आधी नीट न काढता क्लोरिन वाढवले तर दोन्हींच्या संयोगाने घातक संयुगे बनतात, आणि न वाढवावे तर जंतू राहतात. एक पंप बिघडला की सुटा भाग विमानाने येईपर्यंत सगळे ठप्प.

हा प्रश्न ऑन्टारिओच्या विधानसभेत काढला की ठरलेले उत्तर येते: आदिवासींसाठी राखीव जमिनीवरच्या वस्त्या केंद्राच्या अखत्यारीत. 1867 च्या संविधानाप्रमाणे ते खरेही आहे. पण त्याच भागातली विमानतळे, रुग्णविमाने, शुश्रूषा केंद्रे आणि खाणींचे परवाने प्रांताकडे आहेत. नेस्कांटागा ज्या खनिजपट्ट्याजवळ आहे, त्यातली खाणकामे वेगाने मार्गी लावण्यासाठी जून 2025 मध्ये याच विधानसभेने कायदा केला. खनिज प्रांताचे, नळ केंद्राचा. मामाक्वा नेमके या सांध्यावर बोट ठेवतात आणि ते काही वेळा महागात पडते. मार्च 2021 मध्ये लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून त्यांनी वस्त्यांच्या निमंत्रणावरून तिथे करोनाची लस घेतली, तर मुख्यमंत्र्यांनी सभागृहातच त्यांच्यावर रांग मोडल्याचा आरोप केला. नंतर माफी मागितली, ही गोष्ट वेगळी.

मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट. त्या दिवसाचे भाषण कामकाजाच्या नोंदीत ज्या लिपीत छापले गेले, ती जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने 1840 च्या सुमारास प्रचारात आणली. तिच्यामागे पिटमनच्या लघुलिपीबरोबर आपल्या देवनागरीचाही प्रभाव होता, असे लिपीचे अभ्यासक मानतात. आपण व्यंजनाला मात्रा-वेलांटी लावून बाराखडी करतो, तिथे व्यंजनाची आकृतीच चार दिशांना फिरवतात आणि स्वर बदलतो. क्री लोकांची परंपरा मात्र ही लिपी आपल्याच एका पूर्वजाला दिव्य दर्शनात मिळाल्याचे सांगते.

आता आपल्याकडे. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते, दुर्गम पाड्यांवर पावसाळ्याआधीच रेशन पोचवावे लागते. तिकडे उन्हाने रस्ता जातो, इकडे पाण्याने. माडिया किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे त्याच्या भाषेत विधानसभेच्या नोंदीत यायचे तर वाट कोणती? भारतीय संविधानाचा अनुच्छेद 210. राज्याची राजभाषा, हिंदी किंवा इंग्रजीत ज्याला नीट व्यक्त होता येत नाही, अशा सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी ‘देऊ शकतात’. म्हणजे मराठी उत्तम येणारा माडिया आमदार या तरतुदीत बसतच नाही. मामाक्वा अस्खलित इंग्रजी बोलतात. ऑन्टारिओच्या नियमाने त्यांना ‘तुम्हाला इंग्रजी जमत नाही का’ असे विचारले नाही. आपल्याकडे संविधानाला हात न लावताही निदान एवढे होऊ शकते, की अध्यक्षांनी ‘नीट व्यक्त होणे’ याचा अर्थ उदारपणे लावावा, दुभाष्याची सोय आधी करून ठेवावी आणि मूळ शब्द देवनागरीत नोंदीला घ्यावेत. गोंडी, माडिया, पावरी, कोरकू या चार भाषांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

आपला,
एक मराठी वाचक, थंडर बे, ऑन्टारिओ