दुखणं सुरू कधी झालं, हे कुणी लिहून का पाठवत नाही?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्गातली निवृत्त परिचारिका. बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली. पेरिटोनायटिसचे, म्हणजे जठर किंवा आतडं फुटून पोटभर घाण पसरलेले रुग्ण इतके पाहिले की स्ट्रेचरवरून उतरवतानाच पोट लाकडासारखं लागायचं आणि कळायचं.

असा रुग्ण दगावण्याचा धोका किती, याचा सर्जन एक हिशेब मांडतात, मॅनहाइम इंडेक्स. आकडा जितका मोठा तितका धोका जास्त. 1983 मधला, जर्मनीतला. वय पन्नाशीपुढे असेल तर 5, बाई असेल तर 5, एखादा अवयव निकामी झाला असेल तर 7, कर्करोग असेल तर 4. घाणीचा उगम मोठ्या आतड्यात नसेल तर 4, घाण पोटभर पसरली असेल तर 6. आतलं पाणी गढूळ, पुवाचं असेल तर 6, विष्ठेचं असेल तर 12. आणि दुखण्याला 24 तास उलटून गेले असतील तर 4. जास्तीत जास्त 47. बेरीज 26 च्या पुढे गेली की आम्ही नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलायचो.

साहेब, यातलं वय, बाईपण, कर्करोग तुमच्या हातात नाही. 24 तास आहेत.

एक खलाशी आठवतो, चौतिशीतला. ट्रॉलरवर असताना पोटात कळ आली. "गॅस झालो आसतलो" म्हणून तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, गोळी दिली. बोट बंदराला लागली दुसऱ्या दिवशी. मग एका दवाखान्यात इंजेक्शन (वेदनाशामकाने दुखणं दबतं, भोक बुजत नाही), तिथून दुसरीकडे, तिथे भूलतज्ज्ञ रजेवर, तिथून आमच्याकडे. लघवी बंद झालेली. गढूळ पाण्याचे 6, पसरल्याचे 6, अल्सर फुटल्यामुळे उगमाचे 4, उशिराचे 4, मूत्रपिंडाचे 7. एकूण 27. आता उशीर वजा करून बघा. 4 तर जातातच, पण मूत्रपिंडाचे 7 सुद्धा उशिरानेच आणलेले. राहतात 16. माणूस तोच, भोकही तेच. तो वाचला, पण टाके उसवले आणि त्या मोसमात पुन्हा बोटीवर चढला नाही.

त्याच्यासोबत आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पोटदुखी, पुढील उपचारार्थ". बस्स.

इंडेक्स पुरा भरता येतो तो पोट उघडल्यावरच, हे मला ठाऊक आहे. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राकडून तो मागू नका. रेफर चिठ्ठीवर पाचच गोष्टी सक्तीच्या करा: दुखणं सुरू झालं ती वेळ, रुग्ण तुमच्याकडे आला ती वेळ, पाठवला ती वेळ, नाडी-रक्तदाब, लघवी. शस्त्रक्रियेनंतर मोठ्या रुग्णालयाने भरलेला आकडा त्याच केंद्राकडे परत जाऊ दे. आपण थांबवून ठेवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे केंद्रातल्या डॉक्टरांना आजही कळत नाही.

आणि कुठल्या रुग्णालयात आज सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही हजर आहेत, ते 108 च्या गाडीला निघतानाच कळायला हवं. पावसात घाटात दरड आली की कोल्हापूरचा रस्ता बंद, मग गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय गाठायचं. एकदा चुकीच्या दारात गेलं की चार-पाच तास तिथेच संपतात.

एक भीतीही सांगते. आकडा मोठा दिसला म्हणून कुणी रुग्णाला हात लावायचं टाळेल. तसं होऊ नये, हे आदेशातच लिहा.

चिठ्ठीचा नमुना मी हाताने आखून सोबत जोडला आहे. एका पानाचाच आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सिंधुदुर्ग