नंदे, आईने तुझी वाटी काढून ठेवली

पनवेल
रविवार, सकाळ

प्रिय नंदे,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवरही "हो, सगळं ठीक" म्हणून ठेवून दिला. रागाव हवं तर, पण आधी हे वाच. काल सकाळी जे झालं ते ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "वयाने होतं गं असं." ताईला सांगितलं, तर ती रडायलाच लागली. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, कारण त्यात तू आहेस.

तब्येती बऱ्या. माझा गुडघा आहे तसाच.

ओवीने परवा न्याहारीचं नवीन चॉकलेटचं सीरियल आणलं, दुधात घालून खायचं. खोक्यावर ही मोठी अक्षरं, 'नाचणी'. म्हणाली, आजीला चालेल. श्रावणात बाबा गेले तेव्हापासून आई सकाळचं काही खात नाही. पोह्यांतले दाणे तेवढे वेचते, उपम्याचे दोन घास, बस. पाच महिन्यांत चार किलो उतरली. म्हणून म्हटलं, बघू हे देऊन.

आधी मी चमचाभर खाल्लं. कुरकुरीत आहे. पहिल्यांदा कोकोचा कडवटपणा, लगेच साखर, आणि नाचणीची मातकट चव पार शेवटी, घशाशी. छान लागतं, खोटं कशाला बोलू? दूध गार घातलं होतं. तुला आठवतं ना, तुझ्या बाबांनी पहिल्यांदा ते खोकं आणलं तेव्हा आईने त्यावर उकळतं दूध ओतलं होतं आणि त्याची लापशी झाली होती? "ह्या भुश्शाला पैसे मोजता?" म्हणाली होती. 1994 मध्ये केलॉग्जचा कारखाना इथे तळोज्यात सुरू झाला, आपल्या दारात, पण आईच्या लेखी ते विलायती खाणंच राहिलं.

तर काल तीच आई. हळूहळू सगळं खाल्लं. तळाशी चॉकलेटचं दूध उरलं. चमचा खाली ठेवला, दोन्ही हातांनी वाटी उचलली आणि फुर्रकन पिऊन टाकली! ओठावर तपकिरी मिशी. असंच प्यायलो म्हणून आपल्या दोघींच्या पाठीत धपाटे घातले होते तिने, "गुरं आहात का?" म्हणून. मला इतकं हसू आलं.

मग ती उठली, मांडणीवरून दुसरी वाटी काढली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "नंदीला ठेव यातलं. नाहीतर परत त्या खोक्यातल्या स्टीकरवरून भांडाल."

माझं हसू तिथेच थिजलं. "कोण नंदी, आई?" विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही समजत नाही. "कोण म्हणजे? पलीकडची."

तुम्ही पलीकडचं घर सोडून 22 वर्षं झाली, नंदे.

रात्रभर तेच डोक्यात. ती गंमत करत होती का? की त्या क्षणी तिच्यासाठी आपण खरंच नऊ-नऊ वर्षांच्या होतो? कारण तासाभराने तिने दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब तोंडी केला, दोन खाडे वजा करून, रुपयाचीही चूक नाही. मग कुठलं खरं धरू? डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलंय, बुधवारची वेळ मिळाली आहे. पण जाईपर्यंतचे हे तीन दिवस कसे काढू?

त्यात साखरेचं वेगळंच. तिची काठावर आहे. झोप लागेना म्हणून रात्री एक वाजता खोकं घेऊन बसले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात ना. पहिला गहू, दुसरी साखर, मग कुठे नाचणी. 100 ग्रॅमला 28 ग्रॅम साखर. तिची वाटी काट्यावर मोजली, 46 ग्रॅम भरली. म्हणजे जवळजवळ 13 ग्रॅम, तीन चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेली बरी. त्यातली निम्मी सकाळीच संपली. पुढे 'नाचणी' आणि मागे हे! ओवी बिचारी भाबडेपणाने घेऊन आली. पण बंद करायलाही मन होत नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती "अजून दे" म्हणाली, नंदे.

म्हणून आज अर्धं ते आणि अर्ध्या साळीच्या लाह्या घातल्या. पहिल्याच घासाला म्हणाली, "यात लाह्या कोणी घातल्या? चॉकलेट कमी का?" पण वाटी संपवली.

तुझ्या बदलीचं काय झालं? नागपुरात थंडी फार आहे का? ईशानला बारावीसाठी माझा आशीर्वाद सांग, आणि त्याच्या मागे फार लागू नकोस.

मंगळवारी संध्याकाळी आईला फोन करशील का? "काकू, मी नंदी" एवढंच म्हण आणि ती काय बोलते ते नीट ऐक. तुझ्याशी ती कुठल्या वर्षातलं बोलते ते मला डॉक्टरांना सांगायचं आहे. आणि स्टीकरचा विषय निघालाच तर आता तरी कबूल कर, तो चकाकणारा तूच तुझ्या कंपासपेटीत लपवला होतास.

ती वाटी अजून ओट्यावर आहे, वर ताटली झाकलेली. मी उचललेली नाही.

तुझीच,
मंजू