संगीतशिक्षकांच्या निवृत्तीला एक नवी रचना हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेचा बँड वर्षानुवर्षे घडवणारे संगीतशिक्षक निवृत्त होतात तेव्हा भाषणे होतात, मानपत्र वाचले जाते आणि बँड नेहमीच्या पाठांतरातले एखादे मार्च वाजवून मोकळा होतो. ज्या माणसाने मुलांच्या फुंकेला सूर देण्यात उमेदीची सारी वर्षे घालवली, त्याचा गौरव एवढ्यावरच आटोपावा हे मला पटत नाही. अशा वेळी त्या शिक्षकांसाठी आणि त्यांच्याच बँडला वाजवता येईल अशी एक नवी रचना करून घ्यावी, ही विनंती शाळांना, पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शिष्यांनी गुरूला स्वरांतून मानवंदना देण्याची प्रथा पाश्चात्त्य संगीतात चांगली रुळलेली आहे. फ्रेंच संगीतरचनाकार गाब्रिएल फोरे यांनी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉयर या संगीतसंस्थेत १८९६ पासून रचनाशास्त्र शिकवले आणि १९०५ ते १९२० या काळात तिचे संचालकपदही सांभाळले. ते निवृत्त झाल्यावर, १९२२ मध्ये, एका संगीतविषयक नियतकालिकाच्या विशेष अंकासाठी त्यांच्या शिष्यांनी एकेक छोटी रचना लिहिली, त्यांत पुढे नावाजलेले रचनाकार राव्हेल आणि एनेस्कू हेही होते. राव्हेलने फोरे यांच्या नावातील अक्षरांना स्वर नेमून देऊन त्यांवर व्हायोलिन आणि पियानोसाठी एक अंगाई बांधली. फोरे तेव्हा हयात होते, आणि मला यातले हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मात्र कॉन्सर्ट बँडसाठी असे काही लिहायचे तर त्याचे भान वेगळे ठेवावे लागते. या बँडचा सगळा डोलारा फुंकेवर आणि तालवाद्यांवर उभा असतो. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा अशा रांगांमधून नुकतीच वाद्य हाती घेतलेली मुले आणि चार-पाच वर्षे तयारी झालेली मुले शेजारी-शेजारी बसतात. त्यातही अनेक वाद्यांच्या कागदावरचा स्वर एक आणि कानावर येणारा स्वर दुसरा असतो. हे सगळे एका पट्टीत आणणे हेच त्या शिक्षकांचे रोजचे काम होते, आणि म्हणून त्यांच्या गौरवाच्या रचनेत ते काम ऐकू आले पाहिजे असे मला वाटते.

मी ज्या शाळेत क्लॅरिनेट शिकले, तिथल्या आमच्या बाई अलीकडेच निवृत्त झाल्या आणि त्यांच्यासाठी त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने बँडची रचना केली. बाईंची तालीम नेहमी एकाच लांब स्वराने सुरू होत असे: आधी ट्युबाने बी फ्लॅट धरायचा, मग युफोनियम, ट्रॉम्बोन, हॉर्न अशा रांगा एकेक करून त्यात मिळायच्या आणि सर्वांत शेवटी फ्लूट. शेजाऱ्याचा सूर ऐकू आला नाही तर आपण जास्त जोरात फुंकतो आहोत, असे त्या सांगत. नवी रचना नेमकी तशीच सुरू झाली. सभागृहातल्या बहुतेकांना वाद्ये सुरात लावणे चालले आहे असे वाटले. बाईंना मात्र दुसऱ्याच मात्रेला कळले, कारण त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर आला.

त्याहून मला हेलावले ते पुढच्या भागाने. तिसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेला सहसा भरणीचे स्वर मिळतात. इथे मुख्य चाल त्यांच्याकडे होती, आणि तीही पूर्णपणे वाद्याच्या खालच्या सप्तकात. ज्याने क्लॅरिनेट शिकवले आहे त्याला यातली माया लगेच कळेल. खालच्या भागातून वरच्या भागात जाताना कागदावरच्या बी फ्लॅटला जवळजवळ सगळी बोटे मोकळी असतात आणि पुढच्याच बी स्वराला सगळी भोके एकदम झाकून अंगठ्याने मागची कळ दाबावी लागते. एखादे बोट जरा सरकले की वाद्य किंचाळते. त्या उंबरठ्यावर अडखळणाऱ्या मुलांजवळ बाई तासन्‌तास बसलेल्या होत्या. रचना करणारीने त्या मुलांना तो उंबरठा ओलांडायला लावला नाही आणि तरीही सगळ्या बँडची चाल त्यांच्या हाती दिली.

इंग्रज संगीतरचनाकार गुस्ताव्ह होल्स्ट १९०५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३४ पर्यंत, लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होते. त्यांनी १९०९ मध्ये बँडसाठी लिहिलेल्या पहिल्या सूटची, म्हणजे अनेक भागांच्या रचनेची, सुरुवात करणारी चाल युफोनियम आणि ट्युबा यांच्याकडे आहे, आणि पुढची सारी इमारत त्याच चालीवर चढत जाते. मागच्या रांगेतल्या वाद्यावर एवढा भरवसा टाकणारा रचनाकार आयुष्यभर वर्गात शिकवत होता, हा मला योगायोग वाटत नाही.

यावरून माझा आग्रह असा की अशी रचना अवघड करून दाखवण्याच्या मोहात कोणी पडू नये. बँडच्या साहित्याला काठिण्यपातळीनुसार श्रेणी देण्याची पद्धत आहे. शाळेच्या बँडसाठी मधल्या किंवा त्याखालच्या श्रेणीतच लिहावे. ती शोकगीतासारखी संथ आणि कातरही नसावी. निवृत्त होणारा शिक्षक जिवंत आहे, त्याच्या रचनेत चालना हवी, झांजा हव्यात, तालमीतली धावपळ हवी. आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. पहिल्या प्रयोगाला त्या शिक्षकांना स्वतः कंडक्ट करायला लावू नये. आपला बँड त्यांनी कायम मंचावरून, सभागृहाकडे पाठ करून ऐकलेला असतो. श्रोत्यांत बसून तो कसा वाजतो हे त्यांना एकदा तरी अनुभवू द्यावे.

हा खर्च कशाला, तेवढ्यात दोन वाद्ये येतील, असे कोणी म्हणेल. ज्या बँडकडे रीड (क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या मुखाशी लावायची पातळ पट्टी) घ्यायला आणि कळा दुरुस्त करायला पैसे नाहीत, त्याने आधी ते करावे, यात वाद नाही. पण काही शाळांचे बँड एकत्र येऊन रचनाकाराचे मानधन वाटून घेतात आणि प्रत्येक शाळा ती रचना आपापल्या ठिकाणी वाजवते, ही रीत बाहेरच्या देशांत चांगली रुजली आहे. मानधन मात्र द्यावेच, रचनाकार माजी विद्यार्थी असला तरी. कारण प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून, तपासून, छापून देणे हे काही महिन्यांचे काम असते.

म्हणूनच या गोष्टीचा निर्णय निवृत्तीच्या निदान एक वर्ष आधी व्हायला हवा. शिक्षकांपासून सारे गुप्त ठेवण्याच्या हौसेपायी तालमी अर्धवट राहतात, तेव्हा त्यांना रचनेची कल्पना दिली तरी बिघडत नाही. कार्यक्रमानंतर संपूर्ण संहिता आणि सर्व वाद्यांचे भाग शाळेच्या संग्रहात ठेवावेत, एखादे वाद्य नसेल तर त्याचे स्वर दुसऱ्या कोणी वाजवावेत हे त्या कागदांवरच लिहून ठेवावे, आणि तो गठ्ठा नव्या संगीतशिक्षकांच्या हाती रीतसर सोपवावा. येत्या वर्षी ज्या शाळांमधून संगीतशिक्षक निवृत्त होत आहेत, त्यांनी रचनाकाराशी बोलणी आताच सुरू करावीत, ही कळकळीची विनंती.

आपली,
शाळेच्या बँडमधील एक माजी क्लॅरिनेटवादक