फॉरमॅट मारण्याआधी फाइली तर काढा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. मेंटेनन्सच्या पावत्या, थकबाकी, सिंकिंग फंड, सगळे माझ्या घरच्या संगणकात. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नेमके त्याच्या पंधरा दिवस आधी विंडोजचे अपडेट 35 टक्क्यांवर अडकले. तासभर वाट पाहून मी बटण दाबून ठेवले. (घाई नडली, कबूल!) मग ‘बदल मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य, रीस्टार्ट, पुन्हा तेच वाक्य. रात्री साडेअकरापर्यंत हाच खेळ.

सकाळी स्टेशनजवळच्या एका दुकानात सीपीयू नेला. तिथल्या मुलाने वायर जोडली, पडद्याकडे एकदा पाहिले. “काका, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारायला लागेल. बाराशे. डेटाची गॅरंटी नाही.” फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे. आधी फाइली काढून दे म्हटले, तर “निघतील असं वाटत नाही.” हातही न लावता! सीपीयू उचलला आणि रिक्षात घातला.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी आली. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता बंद पडले की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. शेवटचे क्वालिटी अपडेट (दर महिन्याला येते ते छोटे अपडेट) तिने काढले आणि वीस मिनिटांत डेस्कटॉपवर गणपतीचा फोटो दिसला. सी ड्राइव्हमध्ये जेमतेम दोन जीबी जागा उरली होती. बाकी नातवाचे व्हिडिओ. ते पेनड्राइव्हवर हलवल्यावर तेच अपडेट मुकाट बसले.

हा उपाय चालला नसता तरी फाइली गेल्या नव्हत्या. विंडोज सुरू न होणे वेगळे आणि डिस्क खराब होणे वेगळे. डिस्क धड असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, फाइली उतरवून घेता येतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की लागते, एवढेच. दुकानदारांना हे ठाऊक नाही असे मी मानत नाही. फॉरमॅट झटपट होतो, फाइली उतरवायला वेळ जातो. त्या वेळेचे पैसे घ्या ना, आम्ही देऊ.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला, त्यामुळे जुनी मशीन घेऊन विंडोज 11 साठी दुकानात जाणारे माझ्यासारखे पुष्कळ असणार. अपग्रेडनंतर साधारण दहा दिवस जुन्या विंडोजवर परतता येते, हेही कुणी सांगत नाही. त्या दिवसांत डिस्क क्लीनअप (नको त्या फाइली पुसून जागा मोकळी करणे) करताना ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक केली की तीही वाट बंद.

पावतीच्या तळाशी ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असे छापलेले असतेच. त्याच्या वर ‘फाइली काढून घेतल्या का? हो / नाही’ एवढी ओळ छापायला आणि तिच्यापुढे गिऱ्हाइकाची सही घ्यायला काय हरकत आहे?

आपला,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे (प.)