विन्या, व्हिडिओ बघ आणि फोन कर

प्रिय विन्या,

फोनवर हे बोलता येईना म्हणून लिहितोय. इथे चिऊचे कान टवकारलेले असतात आणि तिकडे वहिनी तुझा फोन स्पीकरवर टाकतात. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, हिचे गुडघे जैसे थे. झालं तब्येतीचं.

चिऊ सफारीला चाललीये. केनियातली सफारी रॅली रे, डब्ल्यूआरसीची, म्हणजे जागतिक रॅली चॅम्पियनशिपची, नैवाशाची! नेव्हिगेटर म्हणून, ड्रायव्हरशेजारी बसून वहीतल्या वळणांच्या नोट वाचून दाखवायला. गाडी भाड्याची, फिएस्टा रॅली३, फोर व्हील ड्राइव्ह, खर्च सगळा तिच्या ड्रायव्हरच्या घरचा. कळलं तसा मी नाशकातल्या द्वारकेला चाचाच्या गॅरेजवर पेढे घेऊन गेलो, तर चाचा आधी विचारतो सस्पेन्शन कुठलं आहे, मग पेढा तोंडात टाकतो आणि मग डोळे पुसतो. तुला आठवतं ना, तुझ्या खोलीत शेखर मेहताचा तो डॅटसन २४०झेडचा फोटो होता, १९७३ चा. तू कायम मेहता आणि मी कायम त्याचा नेव्हिगेटर लॉफ्टी ड्रूज, कारण स्कूटर तुझ्या बाबांची होती. त्या वर्षी मेहता आणि शेलस्ट्रम यांचे पेनल्टी पॉइंट सारखेच झाले होते आणि जो जास्त लांबपर्यंत बिनपेनल्टी गेला तो जिंकला, हे तू मला गंगापूर रोडने डबलसीट जाताना किती वेळा ऐकवलंयस. पुढे ७९ ते ८२ सलग चार वेळा मेहताच जिंकला आणि शेजारी माइक डाउटी. डाउटीचं नाव आज कोण घेतं? मी घेतो. म्हणून पोरगी त्या सीटवर बसणार याचा मला केवढा अभिमान वाटतोय ते फक्त तुलाच कळेल.

आता काळजीचं. तिने प्रॅक्टिसचा ऑनबोर्ड व्हिडिओ दाखवला, कॅमेरा दोघांच्या मधे लावलेला. सगळे रस्त्याकडे बघत होते, मी तिच्या वहीकडे बघत होतो. तिचा अंगठा ओळीवर असतो, नोट दिली की पुढच्या ओळीवर सरकतो, गाडी कितीही उडाली तरी अंगठा जागचा हलत नाही. एवढं छान जमलंय तिला. मग एका ठिकाणी ती म्हणते, कॉशन, क्रेस्ट, इनटू लेफ्ट थ्री, डोन्ट कट. म्हणजे जपून, चढ संपला की लगेच डावं वळण, आतून कापू नको. इंजिनचा आवाज तसाच. ड्रायव्हरने लिफ्ट केलंच नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय उचललाच नाही. तिचा अंगठा सरकतो, थांबतो, परत मागे येतो आणि ती कॉशन पुन्हा म्हणते, मोठ्याने. गाडी लेफ्टच्या आत कट मारून निघून जाते, काही होत नाही, तो हसतो, तीही हसते. पण पुढची नोट लेट झाली ना. त्याच्या पुढचीही लेट. मी व्हिडिओ परत परत लावून बघितला, तो नोट ऐकण्याआधीच स्टिअरिंग वळवतो. पोरगा आठवणीवर गाडी चालवतोय आणि नोट शोभेला आहे.

आपल्याकडे ठराविक पट्ट्यात वर्षानुवर्षं फिरून प्रत्येक दगड पाठ झालेला असतो, तिथे हे खपतं. तिकडे रेकीला, म्हणजे रॅलीआधीच्या पाहणीला, प्रत्येक स्टेज फक्त दोनदा बघायला मिळते, तीही हळू. एकदा नोट लिहायची, एकदा तपासायची. आणि पहिल्या गाड्या गेल्या की रस्ता तोच राहत नाही, जमिनीतून दगड उघडे पडतात, चाकोऱ्या खोल होतात. ती फेश-फेश म्हणतात ती ज्वालामुखीची माती, कोरडी असली की मैद्यासारखी, चाक आत जातं आणि धुरळ्यात बॉनेटही दिसत नाही. गाड्यांना स्नॉर्केल, इंजिनला हवा घ्यायचा उंच पाइप, लावतात ते काय हौस म्हणून नाही. २०२१ ते २०२३ जूनमध्ये होती, २०२४ पासून मार्चमध्ये आणलीये, म्हणजे पावसाच्या तोंडावर, तीच माती मग चिखल होते. न्यूव्हील आठव, २०२१. शेवटच्या दिवशी सकाळी लीडवर होता, सस्पेन्शन गेलं, घरी. ओजिए मागून आला आणि जिंकला. तिथे वेगवान माणूस नाही जिंकत रे, ज्याला कुठे सोडायचं ते कळतं तो जिंकतो. १९६८ मध्ये त्र्याण्णव गाड्या निघाल्या आणि सात पोचल्या, हे पण तूच सांगायचास.

तू म्हणशील परत मोरी काढली याने. हो, काढतो. पेठच्या बाजूची ती मोरी, आपण गाडी घातली ती. नोट मी वेळेवर दिली होती, तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो, तू म्हणतोस लेट होती. चाचा दोघांना म्हणाला होता की गाडीला विचारा, तिला खरं माहितीये, आणि गाडी तर ओढ्यात होती. नंतर किती दिवस आपण गोदेकाठी एकाच कट्ट्यावर पाठ फिरवून भेळ खाल्ली. मला ते भांडण मिटवायचं नाहीये, तू मेल्यावरही मी म्हणेन नोट वेळेवर होती. पण ज्या रात्री बोलायला लागलो त्या रात्री तू एक बोललास, ते मी कुणाला सांगितलं नाही. तू म्हणालास, मला ऐकू आलं होतं रे, पण पाय उचलावासा नाही वाटला, वाटलं बसेल. नोट लेट आणि पाय उचलावासा नाही वाटला, दोन्ही कसं खरं असेल ते तूच जाणे. पण मला आता ते पाय उचलावासा न वाटणं समजून घ्यायचंय. नेव्हिगेटरला ते कधी कळत नाही. आम्ही वहीत बघत असतो, खिडकीबाहेर नाही, येणारं काही आम्हाला दिसत नाही, फक्त तुमच्यावर विश्वास असतो.

नेव्हिगेटर मायकेल पार्क आठवतो मला हल्ली. २००५, वेल्स. गाडी झाडावर गेली ती त्याच्या बाजूने, तो गेला. ड्रायव्हर मार्टिन वाचला. त्यात कुणी नोट ऐकली नाही असं काही नव्हतं, ड्रायव्हर उत्तम होता, रॅलीत होतं असं. तरी रात्री तेच डोक्यात येतं. हिला मी हे सांगितलेलं नाही, तूही वहिनींना सांगू नको, त्या हिला सांगतील.

चिऊशी बोलावं तर ती म्हणणार बाबा घाबरले. बरोबर आहे, घाबरलोय. पण तिला थांबवायचं नाहीये मला, हे नीट समजून घे. तिने जावंच. तिने फिनिशच्या रॅम्पवर उभं राहावं, मला ते बघायचंय. मला एवढंच हवंय की त्या पोराला कुणीतरी ड्रायव्हरने सांगावं, नेव्हिगेटरच्या बापाने नाही. तो पोरगा वाईट नाहीये, कार कंट्रोल जबरदस्त आहे, तुझ्यापेक्षा जास्त, रागावू नको. तुझं नाव त्याला माहितीये, चिऊने सांगितलंय त्याला विनूकाकाच्या गोष्टी. मोरी सोडून.

तुझ्या आईचं ऑपरेशन नीट झालं ऐकून बरं वाटलं. मोठ्याला नोकरी लागली का? वहिनींच्या मसाल्याची ऑर्डर आमच्याकडून धर, हिने दोन किलो सांगितलाय.

व्हिडिओ वेगळा पाठवतोय, मधला भाग बघ, तिचा अंगठा मागे येतो तो. मला एकच सांग, तिथे तू पाय उचलला असतास का. आणि मग त्याला फोन कर. नंबर चिऊकडून मागून घे, काय कारण सांगायचं ते तू ठरव, माझं नाव घेऊ नकोस. महिनाअखेरीला ते दोघं टेस्टिंगला बाहेर जाणार आहेत, त्याच्या आधी झालं तर बरं.

तुझा,
ड्रूज

ता. क. नोट वेळेवरच होती.