‘मरणान्तानि वैराणि’ची पुढची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलमी राज्यकर्ता मेला तर आनंद मानावा का, यावरची पत्रे आपल्या अंकात वाचतो आहे. बहुतेकांनी ‘मरणान्तानि वैराणि’, म्हणजे मरणाबरोबर वैर संपते, असे म्हणून विषय मिटवला. मला तो मिटवता येत नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन याच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा माझा थोरला भाऊ तिथे फिटर होता. रत्नागिरीच्या आमच्या खाडीपट्ट्यात बऱ्याच चुली आखातातल्या पैशावर पेटायच्या. पत्र नाही, फोन नाही. आई रोज दुपारी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायची. बगदादमार्गे अम्मान आणि तिथून विमानाने मुंबई, असे लाखावर भारतीय परतले, त्यांत भाऊही आला. हातात पासपोर्ट आणि एक पिशवी. नऊ वर्षांची कमाई तिकडेच राहिली.

३० डिसेंबर २००६ला, बकरी ईदच्या तोंडावर, सद्दामला फाशी झाली. वाडीत एकाने पेढे वाटले. शेजारच्या चाची मात्र कळवळल्या, सणाला माणूस लटकवतात का म्हणून. मी पेढा खाल्ला. थांब्यावरची आई आठवली की आजही खाईन. भावाने तो हातातच धरून ठेवला. परतीच्या वाटेत इराकमधल्या कुर्द जमातीच्या एका बसवाल्याने त्याला पाणी पाजले होते. भाऊ एवढेच म्हणाला, “आणि त्या कुर्दांचं काय?”

फाशी झाली ती १९८२च्या, इराकमधल्याच दुजैल गावातल्या १४८ जणांच्या हत्येसाठी. कुर्दांच्या संहाराचा, अन्फालचा, खटला ऑगस्टमध्येच उभा राहिला होता, जबान्या चालू होत्या. सद्दामपुरता तो तिथेच संपला. १६ मार्च १९८८ला हलबजा या कुर्दांच्या गावात विषारी वायूने सुमारे ५,००० माणसे मेली, त्याचा जाब त्याला शेवटपर्यंत द्यावा लागला नाही. कुवेतचा खटला तर उभाच राहिला नाही.

‘मरणान्तानि वैराणि’ म्हणणारे पुढचे शब्द गाळतात. रावण पडल्यावर राम बिभीषणाला लगेच सांगतो, ‘निर्वृत्तं नः प्रयोजनम्’, आपले काम पुरे झाले. ते झाले म्हणून वैर संपले. हलबजाच्या माणसांचे कोणते काम पुरे झाले होते, म्हणून त्यांना आपण वैर सोडा सांगावे?

भावाने पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाईच्या अर्जासाठी सगळी हकीगत तारीखवार लिहून काढली. पैसे मिळाले. ती हकीगत कुठल्याही न्यायाधीशासमोर वाचली गेली नाही. तिची प्रत घरी आईच्या पेटीत आहे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी